गावातलं शिबिर नेमकं कुठं फसतं? कृषीच्या विद्यार्थ्यांनो, या चुका टाळा

नागपूर भागातली राष्ट्रीय सेवा योजनेची (एनएसएस) सात दिवसांची शिबिरं बहुतेक डिसेंबर-जानेवारीत होतात. तेव्हा कळमेश्वर-हिंगण्याकडे कापसाची वेचणी आणि हरभऱ्याचं ओलीत चालू असतं. अशात सकाळी अकराला सभा ठेवली तर येणार कोण? म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. दुधं काढून झाल्यावर, संध्याकाळी सातनंतर बसा. विषयही हंगामाचाच घ्या: फरदड घेऊ नका, म्हणजे वेचणी संपल्यावर पाणी देऊन तोच कापूस पुढं लांबवू नका, कपाशीच्या पऱ्हाट्या वेळेत उपटा, नाहीतर गुलाबी बोंडअळीला पुढच्या हंगामापर्यंत आसरा मिळतो.

सगळ्यात जास्त गोंधळ माती नमुन्यांत होतो. उभ्या पिकात, नुकतं खत दिलेल्या वावरात नमुना घेतला की अहवाल मातीचा न येता खताचा येतो. हे काम एप्रिल-मेचं, रबी निघाल्यावर आणि शेणखत टाकण्याआधी. शिबिरात फक्त शेतकऱ्यांची यादी करा.

नमुना घेताना धुरा (बांध), उकिरडा, झाडाखालची आणि पाणी साचणारी जागा सोडा. एकरी ८-१० ठिकाणी वरचा काडीकचरा बाजूला करून इंग्रजी 'व्ही'सारखा २० सेंमी खोल खड्डा करा. आतली माती फेकून द्या आणि कडेची बोटभर जाडीची चकती वरपासून खालपर्यंत घ्या. इथंच पोरं चुकतात, वरवरची माती ओंजळीत भरतात. सगळी माती मिसळून पसरा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहा. सावलीत वाळवा, उन्हात नाही. जस्त-लोह तपासायचं असेल तर गंजलेलं खुरपं किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं घमेलं नको, प्लास्टिकचं वापरा. उताराची मुरमाड आणि खालची काळी माती एका पिशवीत घालू नका.

चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, शाई ओलीनं पसरते. नाव, गट क्रमांक, तारीख, मागचं आणि पुढचं पीक. एक चिठ्ठी आत, एक बाहेर. एका गावात एकाच आडनावाची दहा घरं असतात, त्यामुळं वडिलांचं नाव सोडलं की अहवाल भलत्याच दारात जातो.

सोयाबीनची उगवण तपासताना टपोरे दाणे निवडून घेतले की निकाल छान दिसतो, पण पेरणी फसते. प्रत्येक पोत्यातून वर, मध्ये, तळाशी हात घालून बी काढा, मिसळा आणि न निवडता १०० दाणे मोजा. असे तीन संच करा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडून गुंडाळा, सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. रात्रभर भिजत घालू नका, सोयाबीनचं साल पातळ असतं, फुगून फाटतं. सहा-सात दिवसांनी निरोगी कोंबच मोजा, वाकडेतिकडे नाही. तिन्हींची सरासरी ७० च्या वर असेल तर बियाण्याचं नेहमीचं प्रमाण पुरतं, कमी असेल तर प्रमाण वाढवा, आणि फारच कमी निघालं तर बी बदला.

गटप्रमुखाबद्दलही बोलायला हवं. जो सगळं स्वतः करतो तो चांगला मजूर, प्रमुख नव्हे. सहा जणांत नोंदवही, पिशव्या, शेतकऱ्यांशी बोलणं अशी कामं वाटून द्या आणि तिसऱ्या दिवशी अदलाबदल करा.

माती परीक्षणाचे निकाल येतात तेव्हा गट कॉलेजला परतलेला असतो. म्हणून यादीच्या दोन प्रती करा: एक गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (आधीचा कृषी सहायक), दुसरी नमुने काढायला सोबत फिरलेल्या गावच्याच एखाद्या पोराकडे, फोन नंबरसकट.