ढोल-ताशाच्या सरावात कान कसे वाचवावेत

गणपतीच्या दीड-दोन महिने आधी पुण्यात नदीपात्रात पथकांचे सराव सुरू होतात. ढोल ताणून होतात, ताशाच्या काड्या येतात. इअरप्लग मात्र फारच थोड्यांच्या खिशात असतात. ताशाजवळ आवाज सहज 100 डेसिबलच्या वर जातो. 85 डेसिबल कानाला दिवसाला आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे 100 ला उरतात 15 मिनिटं. आणि सराव चालतो दोन-तीन तास!

कानाच्या आत आवाज टिपणाऱ्या साधारण 15 हजार केसपेशी असतात. मेलेल्या पेशी परत येत नाहीत. आधी फटका बसतो 3000 ते 6000 हर्ट्झच्या, म्हणजे शब्द स्पष्ट करणाऱ्या उंच सुरांच्या पट्ट्याला, म्हणून पुढे 'आवाज येतो, पण शब्द कळत नाही' अशी तक्रार सुरू होते. त्यात ताशाचा ठोका इतका अचानक येतो की मधल्या कानातले स्नायू आवरून धरेपर्यंत तो आत पोहोचलेला असतो.

सराव सुरू होण्याआधीच ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. आदल्या दिवशी वादन नको, आणि 3000 व 6000 हर्ट्झवरही तपासा असं आवर्जून सांगा. हा कागद जपून ठेवा, पुढच्या वर्षी तुलना याच्याशीच होईल.

कापसाचे बोळे नकोत, त्यांनी आवाज जेमतेम कमी होतो. मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे प्लग घ्या. हात धुवा. प्लग बोटांत वळून बारीक, सुरकुती नसलेली वळी करा. दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर आणि मागे ओढा, म्हणजे कानाची वाट सरळ होते. वळी आत सरकवा आणि फुगेपर्यंत, 30 सेकंद तरी, बोटाने धरून ठेवा. इथेच बहुतेकांची घाई होते आणि प्लग अर्धा बाहेर राहतो. नीट बसलाय का? कानांवर तळवे दाबून पाहा; आवाज आणखी बराच कमी झाला तर काढून पुन्हा घाला. पाकिटावर 33 डेसिबल आवाज कमी होतो असं लिहिलं असलं तरी प्रत्यक्षात त्याच्या निम्मंच धरा. टोल आणि ठेका स्वच्छ ऐकू यायला हवा असेल तर वादकांसाठीचे फिल्टरवाले प्लग घ्या; सूचना देणाऱ्या दादा-ताईंना तेच बरे.

ताशाच्या रांगेसमोर कायम एकच जण नको, जागा बदलत राहा. मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे आवाज घुमतो, त्यामुळे सरावात सवय झालेले प्लग तिथे काढू नका. बघायला आलेल्या लहान मुलांना कानावर बसणारे मफ घाला.

वादनानंतर कानात शिट्टी वाजली तर निदान दुसरा दिवस शांत जाऊ द्या, हेडफोनही नको. पण एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर 'मळ असेल' म्हणून घरी थेंब घालत बसू नका. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. स्टेरॉइडचे उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू झाले तरच चांगला उपयोग होतो.