कोंबड्यांसाठी घरचा शाळू: पेरणीआधी काय काय हाताशी हवं

परसातल्या कोंबड्यांना घरचं धान्य घालायचं ठरवलं असेल, तर बियाण्याच्या दुकानात जाण्याआधी हिशोब मांडा. मोठी कोंबडी दिवसाला साधारण 100 ते 120 ग्रॅम खाते. म्हणजे दहा कोंबड्यांना वर्षाला चार क्विंटलच्या आसपास लागतं. कोरडवाहू शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, एकरी चार-पाच क्विंटल उतरतो, तेव्हा घरामागच्या पाच गुंठ्यांत हाती येणार पन्नास-साठ किलो. रोजच्या खाद्यात निम्मी ज्वारी धरली, तरी चार महिन्यांच्या आतच कणगी रिकामी. म्हणून पुढच्या महिन्यांची ज्वारी सुगीत, भाव उतरलेले असतानाच गावातून घ्यायची तजवीज आधीपासून ठेवा.

मक्याचा उतारा जास्त, हे खरं. पण खरिपाचा मका परतीच्या पावसात सापडला की बुरशी धरतो, आणि त्या बुरशीचं अफ्लाटॉक्सिन कोंबडीच्या यकृतावर जातं. शिजवून-भाजूनही ते निघत नाही. पठारावरच्या काळ्या रानात माझा कौल मालदांडी या शाळूच्या वाणालाच. ती कोरड्या हवेत पिकते, शिवाय कडबा गोठ्याला होतो.

पाच गुंठ्यांना अर्धा किलो बी पुरतं. औषध चोळलेलं बी उरलं तर ते कोंबड्यांना अजिबात घालू नका, धुऊनसुद्धा नाही. पेरणी 15 सप्टेंबर ते 15 ऑक्टोबरच्या दरम्यान होते. त्याआधी कुंपण उभं असायला हवं. ताजी पेर दिसली की कोंबड्या सरी-सरीने उकरत जातात. बोरी-बाभळीच्या काट्या खालपासून दाट लावा, आणि कणसं कापून होईपर्यंत त्यांना रानात सोडू नका. कापणीनंतर मात्र खुशाल सोडा, सांडलेला दाणा त्या वेचून काढतात. दाणे भरू लागले की पाखरं येणार. तेव्हा गोफण घेऊन राखणीला कोण बसणार, हे घरात आत्ताच ठरवा. एवढ्याशा तुकड्याला जाळी टाकली तरी चालते.

सगळ्यात जास्त जीव ओतायचा तो वाळवणीत. दाणा सोलून पाहा: बुडाशी काळा ठिपका दिसला की तो पक्व झाला. मग कणसं कापून खळ्यावर उन्हात पसरा, रात्री झाकून ठेवा. मळणीनंतर दाणा पुन्हा वाळवा, दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत. दाबल्यावर नुसता चेपला तर आणखी ऊन द्या. ओल 12 टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय कोठीत भरू नये. कोठी आधी झाडून, उन्हात तापवून घ्या, तळाला वाळलेला कडुलिंबाचा पाला घाला आणि ती जमिनीपासून वर, भिंतीपासून हातभर दूर ठेवा.

नुसत्या ज्वारीवर अंडी टिकत नाहीत. ज्वारीत प्रथिनं दहा टक्क्यांच्या आसपास, अंड्यावरच्या कोंबडीला लागतात सोळा-सतरा. तेव्हा शेंगदाण्याची पेंड आणि सुकटीचा चुरा जोडीला आणून ठेवा. कवचासाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, ज्या कोंबडीला हवा तिने खावा. अख्खा दाणा पोटात दळला जायला बारीक खडेही लागतात, ते त्यांना मोकळ्या अंगणात मिळतात. कोंडून ठेवत असाल तर जाड वाळू ठेवा. पिल्लांना भरडाच द्या.