नवजात बाळाच्या रक्तातला जंतुसंसर्ग लवकर ओळखायचा कसा: लहान प्रसूतिगृहांसाठी

नवजात बाळाच्या रक्तात जंतू शिरल्याचा संशय आला की पहिल्या तासात अँटिबायोटिक जायला हवं. ब्लड कल्चरचा (रक्तातले जंतू बाटलीत वाढवून ओळखण्याच्या तपासणीचा) रिपोर्ट त्या तासात कधीच येत नाही. मग झटपट निदानासाठी महागडं यंत्र हवं, असं आपण धरून चालतो. खरं तर टाळता येण्याजोगा बराचसा वेळ जातो तो सुई टोचल्यापासून कल्चरची बाटली लॅबच्या यंत्रात लागेपर्यंत. तो वाचवायला फारसे पैसे लागत नाहीत. सोलापूर जिल्ह्यातल्या अक्कलकोट, बार्शी, सांगोला, करमाळा इथल्या लहान दवाखान्यांतले डॉक्टर, सिस्टर आणि लॅब टेक्निशियन डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे.

संशय कधी घ्यायचा

दूध ओढणं कमी किंवा बंद होणं, झटके, मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, काखेतलं तापमान ३७.५ अंश सेल्सिअस किंवा जास्त अथवा ३५.५ पेक्षा कमी, डिवचल्याशिवाय हालचाल न करणं. यातलं एक लक्षण दिसलं तरी गंभीर संसर्ग धरूनच पुढे जायचं. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. कमी दिवसांचं, म्हणजे वेळेआधी जन्मलेलं बाळ तापण्याऐवजी बऱ्याचदा गार पडतं, हे विसरू नका. ‘ताप नाही ना, मग ठीक आहे’ हे वाक्य इथे धोक्याचं.

आईबरोबर आजीलाही विचारलेलं बरं. कालच्यापेक्षा आज बाळ किती वेळ अंगावर पितंय, हे त्यांना ठाऊक असतं. सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू आणि अक्कलकोटकडे कन्नड येणारी सिस्टर प्रश्न विचारायला हवी. नुसत्या मान डोलावण्यावर इतिहास लिहू नये. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या गटाने शिकवलेल्या गावातल्या महिला लक्षणांवरूनच संसर्ग ओळखून उपचार देत होत्या. नवजात मृत्यू त्याने किती घटले, ते १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तेव्हा लक्षणांना दुय्यम समजायचं कारण नाही.

एक गोष्ट सोलापूरची. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार असतो आणि बाळ मात्र टोपडं, दुपटं, वर गोधडी अशा बंदोबस्तात. हाताला पोट आणि तळपाय सारखेच गरम लागले, बाळ गुलाबी आणि चपळ असेल, तर कपडे सैल करा, दूध पाजा, वजन किती घटलं ते पाहा आणि अर्ध्या-एक तासाने पुन्हा तापमान घ्या. पोट तापलेलं आणि तळपाय गार, असं असेल तर संसर्गाचा संशय बळावतो. बाळ मलूल असेल किंवा ओढत नसेल तर ही वाट पाहायचीच नाही. रक्तातली साखर पट्टीवर लगेच तपासा. साखर उतरलेलं बाळही असंच दिसतं, आणि संसर्गातही साखर उतरते.

रक्त घेताना

सामान आधी मांडून घ्या: निर्जंतुक हातमोजे, ७० टक्के स्पिरिट, पोव्हिडोन आयोडीन, २ मिलीची सिरींज, लहान मुलांसाठीची कल्चर बाटली, ईडीटीए बल्ब (पेशी मोजण्यासाठी रक्त गोठू न देणारी लहान नळी). शीर ठरवा आणि तिच्याभोवती ५ सेंटीमीटरचा भाग स्पिरिटने पुसा. मग आयोडीन आतून बाहेर गोल फिरवत लावा आणि किमान १ मिनिट वाळू द्या. पुन्हा स्पिरिट लावून वाळू द्या. घाई नडते ती इथेच: आयोडीन ओलं असताना टोचलं तर त्याचा उपयोग झालेला नसतो आणि चार दिवसांनी कातडीवरचा जंतू रिपोर्टमध्ये येऊन बसतो. पुसल्यानंतर शीर पुन्हा बोटाने चाचपू नका. फारच कमी दिवसांच्या बाळाची कातडी स्पिरिटने भाजते. तिथे कापूस पिळून वापरा, पाठीखाली ओघळ साठू देऊ नका. काम झाल्यावर आयोडीन निर्जंतुक पाण्याने पुसून काढा.

आधीपासून चालू असलेल्या आयव्ही लाईनमधून नमुना घेऊ नका, टाच टोचूनही नको. दर वेळी नवी शीर. नुकतीच निर्जंतुक पद्धतीने घातलेली नाभीची नळी चालते.

बाटलीचं प्लास्टिक झाकण उडवलं की खालचं रबर निर्जंतुक आहे असं वाटतं, पण ते तसं नसतं. तेही स्पिरिटने पुसून वाळवा. आधी १ मिली रक्त बाटलीत, मग उरलेलं ईडीटीएमध्ये. बाटलीत निर्वात पोकळी असते, म्हणून दट्ट्या धरून ठेवा, नाहीतर हवाही आत खेचली जाते. लेबल बारकोडवर चिकटवू नका. लेबलवर नमुन्याची वेळ आणि किती मिली, दोन्ही लिहा.

१ मिलीचा आग्रह का? काही बाळांच्या रक्तात दर मिलीमागे जंतू अगदी मोजके असतात. अर्धा मिली घेतला तर त्यात एकही न येण्याची शक्यता राहते आणि रिपोर्ट खोटा निगेटिव्ह येतो. नातेवाईक ‘एवढं रक्त?’ म्हणतात. ३ किलोच्या बाळात सुमारे २५० मिली रक्त असतं, हे त्यांना शांतपणे सांगा.

नमुना घेतला की लगेच आपल्या रुग्णालयाच्या धोरणानुसार पहिला डोस. शीर दोनदा प्रयत्न करूनही मिळाली नाही तर डोस अडवून धरू नका. २०१४ च्या केंद्र सरकारच्या सूचनांनुसार विशिष्ट परिस्थितीत एएनएम (उपकेंद्रावरची आरोग्यसेविका) जेंटामायसिन हे अँटिबायोटिक देऊ शकते, म्हणून उपकेंद्रावरून आलेल्या बाळाला डोस मिळालेला असू शकतो. त्याची वेळ फॉर्मवर लिहा आणि तरीही कल्चर करा.

बाटलीचा प्रवास

बाटली फ्रीजमध्ये ठेवायची नाही. गाडीच्या उन्हात तापलेल्या डिकीतही नाही. सावलीत, साध्या डब्यात, खोलीच्या तापमानाला पाठवा. यंत्रात लावायची बाटली आधी इनक्युबेटरमध्ये ‘उबवत’ ठेवणं ही चांगल्या हेतूने होणारी चूक आहे. यंत्र जंतूंची वाढ होताना बदलणारा वायू टिपतं. वाढ आधीच उरकली असेल तर त्याला बदल दिसत नाही. शक्यतो २ तासांत बाटली यंत्रात लागावी.

लॅब ठरवताना दराआधी एक विचारा: रात्री आलेली बाटली यंत्रात लावता का? रात्री ९ ची बाटली सकाळी ९ ला लागली तर १२ तास तिथेच गेले. यंत्रात वेळेवर लागलेली बाटली खऱ्या संसर्गात बऱ्याचदा १२ ते २४ तासांत वाजते, म्हणजे वाढ दिसल्याचा इशारा यंत्र देतं.

तोवर सेप्सिस स्क्रीन

सेप्सिस स्क्रीन म्हणजे रक्तातल्या जंतुसंसर्गाची चाहूल देणाऱ्या तपासण्या. यात पाच गोष्टी पाहतात: पांढऱ्या पेशी मायक्रोलिटरला ५,००० पेक्षा कमी, न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वयाच्या मानाने कमी, अपरिपक्व न्यूट्रोफिलचं एकूण न्यूट्रोफिलशी प्रमाण ०.२ पेक्षा जास्त, मायक्रो-ईएसआर (तांबड्या पेशी खाली बसण्याचा वेग) पहिल्या तासाला १५ मिमीपेक्षा जास्त, सीआरपी (संसर्गात वाढणारं रक्तातलं प्रथिन) लिटरला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त. दोन किंवा अधिक बिघडले की स्क्रीन पॉझिटिव्ह.

अपरिपक्व पेशींचं प्रमाण पेशी मोजणाऱ्या यंत्राच्या (काउंटरच्या) कागदावर विसंबून ठरवू नका, स्लाइड पाहावीच लागते. १०० न्यूट्रोफिलमध्ये बँड नावाच्या अपरिपक्व आणि त्याहून कोवळ्या पेशी २४ निघाल्या तर प्रमाण ०.२४. केंद्रक असलेल्या तांबड्या पेशीही काही काउंटर पांढऱ्या म्हणून मोजतात. १०० पांढऱ्या पेशींमागे अशा ५० असतील तर १२,००० चा आकडा प्रत्यक्षात ८,००० असतो. पहिल्या दिवशी पेशी निरोगी बाळातही खूप वाढलेल्या असतात, त्यामुळे तेव्हा जास्त आकड्यापेक्षा कमी आकड्याला घाबरा.

सीआरपी वाढायला काही तास लागतात. अगदी सुरुवातीला आलेला ‘नॉर्मल’ काहीच सिद्ध करत नाही. १२ ते २४ तासांनी पुन्हा करा. जन्मताना गुदमरलेल्या किंवा शी श्वासात गेलेल्या बाळात तो संसर्गाशिवायही चढतो. प्रोकॅल्सिटोनिन (संसर्गाचा असाच आणखी एक निदर्शक) लवकर वाढतं, पण जन्मानंतरच्या पहिल्या ४८ तासांत ते निरोगी बाळातही चढलेलं असतं. बाळाच्या वयानुसार तासागणिक बदलणारी मर्यादा न पाहता वाचलेला तो आकडा फसवतो.

स्क्रीन निगेटिव्ह आहे आणि बाळ दिसायला आजारी आहे, तर बाळाचं ऐका. आणि बाळ स्थिर असेल, तर तीन दिवसांनंतर सुरू झालेल्या आजारात कंबरेतलं (पाठीच्या कण्यातलं) पाणी तपासायचं टाळू नका. ते पाणी लगेच लॅबमध्ये मोजलं जावं. पडून राहिलं तर पेशी आणि साखर दोन्ही घटतात.

बाटली वाजल्यावर

ग्रॅम स्टेन (जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) लगेच, रात्र असली तरी. अर्ध्या तासाचंही काम नाही. निकाल कागदावर न ठेवता डॉक्टरांना फोनवर सांगा. आपल्याकडे क्लेब्सिएला, असिनेटोबॅक्टर, ई. कोलाय हे ग्रॅम निगेटिव्ह जंतू जास्त भेटतात आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, म्हणून हा फोन उपचार बदलू शकतो. सोय असेल तर बाटलीतल्या द्रवावरूनच थेट अँटिबायोटिकच्या चकत्या (डिस्क) लावून ४, ६ आणि ८ तासांनी वाचता येतात, मात्र त्यासाठीचे वेगळे मापदंड वापरूनच. मल्टिप्लेक्स पीसीआर (एकाच वेळी अनेक जंतूंची जनुकं शोधणारी चाचणी) तासाभरात जंतू आणि काही प्रतिकार-जनुकं सांगतो. यादीत नसलेला जंतू त्याला दिसत नाही, म्हणून कल्चर चालूच ठेवायचं.

४८ तासांनी वाढ नाही, दुसरा सीआरपीही नॉर्मल, बाळ पितंय आणि खेळतंय: अँटिबायोटिक थांबवा. ‘कोर्स पूर्ण करू’ म्हणून ओढत नेलेले दिवस पुढच्या बाळाला प्रतिकारक जंतू देऊन जातात. दोन दिवसांनी उशिरा उगवलेला कोअ‍ॅग्युलेज निगेटिव्ह स्टॅफ हा जंतू बऱ्याचदा कातडीवरून नमुन्यात आलेला असतो. बाळ ठणठणीत असेल तर दुसरं कल्चर घेऊन खात्री करा. पण नाभीत नळी असेल किंवा वजन १,५०० ग्रॅमच्या आत असेल तर त्या जंतूला इतक्या सहज सोडू नका.