दिवाळीच्या साफसफाईत गॅसच्या नळीची तारीख बघा

फराळाच्या आधी शेगडी घासूनपुसून लख्ख होते, पण तिच्यामागची केशरी नळी तशीच तेलकट राहते. तिची मुदत कधी संपली, हे बहुतेक घरांत कुणालाच ठाऊक नसतं.

१. आधी रेग्युलेटर बंद करा. ओल्या फडक्याला साबण लावून नळी टोकापासून टोकापर्यंत पुसा. चिकट थर निघाला की छापलेली अक्षरं आणि तारीख दिसू लागते. ओट्याखाली वाकायला जमत नसेल तर मोबाईल आत धरून फोटो काढा, मोठा करून वाचा.

२. ही केशरी नळी, म्हणजेच सुरक्षा नळी, ५ वर्षांनी बदलायची असते. कधी बदलायची तो महिना आणि साल मार्करने कागदी पट्टीवर लिहून सिलिंडरजवळच्या टाइलवर चिकटवा. आमच्याकडे अशी पट्टी लावल्यापासून शोधाशोध संपली.

३. नळी हलकेच वाकवून बघा, विशेषतः शेगडीच्या तोंडाशी. केसाएवढी चीर दिसली तरी मुदतीची वाट न बघता बदला.

४. शेवटी शेगडीची बटणं बंद ठेवून फक्त रेग्युलेटर चालू करा आणि दोन्ही जोडांवर साबणाचा फेस लावा. बुडबुडे फुगू लागले तर गळती आहे. लगेच रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या हेल्पलाइनला फोन करा.

काडी पेटवून गळती तपासायची जुनी सवय कुणाला असेल, तर कृपा करून आजच सोडायला लावा.