आधी खुर्ची ठरवा, मग पदवी शोधा

पदव्युत्तर शिक्षणाचा विचार पहिल्यांदा डोक्यात आला तेव्हा मी सहा वर्षं हिशेबखात्यात काढली होती. महिनाअखेर आली की ताळे जुळवायचे, बँकेची पत्रकं तपासायची, लेखापरीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. कामावर हात बसला होता, पण पुढची पायरी काही दिसत नव्हती. मग मी क्रमवारीच्या याद्या काढल्या, वरच्या पंधरा संस्थांची माहितीपत्रकं मागवली आणि कुठे प्रवेश मिळेल याचे आडाखे बांधत बसले. त्यात चार महिने गेले. 'पदवी हातात आल्यावर नेमकं कुठलं काम करायचंय तुला?' असं माझ्या एका वरिष्ठ सहकारी बाईंनी विचारलं, तेव्हा 'फायनान्समध्ये वर जायचंय' यापलीकडे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांनी मला जे करायला लावलं, तेच आज मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी आधी करायला लावते. पाच वर्षांनी ज्या खुर्चीत बसायला आवडेल, त्या पदाच्या नोकरीच्या वीस जाहिराती शोधा आणि कागदावर छापून घ्या. पेन्सिल घेऊन बसा आणि मागितलेल्या प्रत्येक कौशल्याखाली रेघ ओढा. मला ट्रेझरीत जायचं होतं, म्हणजे कंपनीची रोकड, कर्जं आणि परकी चलनाची जोखीम सांभाळणारा विभाग. माझ्या वीसपैकी १३ जाहिरातींत रोख प्रवाहाचा अंदाज बांधता येणं हवं होतं, ११ मध्ये हेजिंग (म्हणजे दर बदलल्याने होणाऱ्या नुकसानीपासून आधीच बचाव करून ठेवणं), ९ मध्ये कर्जकरारांच्या अटींची समज. 'एमबीए' हा शब्द चारच ठिकाणी होता, तोही 'असल्यास प्राधान्य' एवढाच. आणि मी तर दोन वर्षांच्या पूर्णवेळ एमबीएचा अर्ज अर्धा भरून ठेवला होता.

रेघा ओढून झाल्या की पदव्यांची गर्दी आपोआप विरळ होते. एमबीए ही सगळीकडून थोडं थोडं शिकवणारी पदवी आहे: विपणन, माणसं सांभाळणं, व्यूहरचना, त्यात फायनान्सही. काही वर्षं काम केलेल्या आणि क्षेत्र बदलू पाहणाऱ्या किंवा माणसांचा कारभार हाती घेऊ पाहणाऱ्या माणसाला ती लाभते. फायनान्समधली एमएस्सी एकाच विहिरीत खोल उतरते, आणि बऱ्याच ठिकाणी पदवीनंतर लगेचच घेता येते. फायनान्शियल इंजिनीअरिंग म्हणजे गणिती प्रतिमानांनी किमती आणि जोखीम मोजण्याचं शास्त्र, त्याला गणित आणि प्रोग्रॅमिंग पक्कं नसेल तर जाऊच नका, तिथे पहिल्याच महिन्यात दमछाक होते. एक्झिक्युटिव्ह एमबीए हा आधीच वरच्या पदावर पोचलेल्यांसाठी असतो. तिथला अर्धा अभ्यास शेजारी बसलेल्यांच्या अनुभवातून होतो, म्हणून तो लवकर करण्यात अर्थ नाही.

तुमच्या जाहिरातींत सीएफएचा, म्हणजे गुंतवणूक विश्लेषकांसाठीच्या व्यावसायिक सनदेचा, उल्लेख वारंवार येत असेल, तर पदवीच्या आधी त्याचा विचार करा. त्याला तीन पातळ्यांच्या परीक्षा आहेत आणि सनद मिळायला किमान ३६ महिन्यांत मिळून ४,००० तासांचा संबंधित कामाचा अनुभव लागतो. नोकरी न सोडता हे करता येतं. गुंतवणूक विश्लेषणात जायचं असेल तर काहींना एवढंच पुरतं.

आता संस्थांकडे वळा, पण माहितीपत्रकातली विषयांची यादी बघून भुलू नका. त्या यादीत असे ऐच्छिक विषय असतात जे पुरेसे विद्यार्थी मिळाले नाहीत म्हणून दोन-दोन वर्षं शिकवलेच गेलेले नसतात. प्रवेश विभागाला मागच्या दोन सत्रांचं प्रत्यक्ष वेळापत्रक मागा. मी मागितलं, तेव्हा तीनपैकी एका ठिकाणी ट्रेझरीचा एकही विषय वेळापत्रकात नव्हता, यादीत मात्र दोन होते.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो नोकऱ्यांच्या अहवालाला. आणि तो खालून वर वाचा, तळटिपांपासून. जिथे मी पैसे भरायच्या बेतात होते, त्या संस्थेच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत होतं: ९१ टक्के विद्यार्थ्यांना तीन महिन्यांत नोकरी. तळटीप बारीक होती. तुकडी १२० जणांची, पण टक्केवारी काढली होती 'नोकरी शोधत असलेल्या' ७८ जणांवर. त्यातल्या ७१ जणांना नोकरी मिळाली. उरलेले ४२ कुठे गेले? काही जुन्याच कंपनीत परत, काही घरच्या व्यवसायात, काही पुढच्या शिक्षणाला, आणि काहींनी कळवलंच नव्हतं. हे वर्गीकरण चुकीचं नाही. कंपनीने पाठवलेला माणूस नोकरी शोधणाऱ्यांत धरायचा नाही, असाच प्रघात आहे. पण न कळवलेल्यांचा आकडा मोठा असेल तर तिथे थांबा आणि विचारा. पूर्ण तुकडीवर मोजलं तर ७१ म्हणजे ५९ टक्के होतात.

पगाराचंही तसंच. 'सरासरी' लिहिलं असेल तर मध्यक कुठे आहे ते शोधा. दोघातिघांना गुंतवणूक बँकेत गलेलठ्ठ पगार मिळाला की सरासरी वर चढते. मध्यक म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाचा पगार, तो असा हलत नाही. पगार किती जणांनी कळवला तेही बघा. त्या अहवालात ७१ पैकी ४० जणांनीच कळवला होता. कमी मिळालेला माणूस आकडा सांगायला सहसा पुढे येत नाही, हे ध्यानात ठेवा. आणि तुम्हाला हवं असलेलं काम त्या तुकडीतल्या किती जणांना मिळालं, हा आकडा टक्क्यांत नको, माणसांत मागा. माझ्या बाबतीत उत्तर आलं: दोघांना.

खर्चाचा हिशेब मी पैशांत करत नाही, महिन्यांत करते. आज हातात पडणारा एका महिन्याचा पगार म्हणजे एक एकक. माझा पूर्णवेळ अभ्यासक्रमाचा कागद असा होता: शुल्क २० महिने, दोन वर्षं बुडणारा पगार २४, घर बदलल्याने वाढणारा खर्च ४, कर्जाचं व्याज ६. एकूण ५४ महिने. इथे दोन चुका हमखास होतात. काही जण बुडालेला पगार धरतच नाहीत. काही जण तो धरतात आणि वर जेवणखाण, भाडं पुन्हा पूर्ण मांडतात. तो खर्च नोकरीत असतानाही त्याच पगारातून होणार होता, म्हणून फक्त वाढीव भाग धरायचा.

मग मिळकतीची बाजू. पदवीनंतर पगार १.६ पट होईल असं मी धरलं. पण त्या दोन वर्षांत आहे तिथेच राहिले असते तरी तो १.१५ पट झालाच असता. म्हणजे पदवीची खरी कमाई दरमहा ०.४५. ५४ ला ०.४५ ने भागा, १२० महिने येतात. दहा वर्षं! अर्धवेळ एमएस्सीचं शुल्क १६ महिन्यांच्या पगाराएवढं होतं, पगार बुडत नव्हता, नंतरचा पगार मी बेताने १.४ पटच धरला. कमाई ०.२५, म्हणजे ६४ महिने. तो कागद मी दोन दिवस टेबलावर ठेवला आणि एमबीएचा अर्ज रद्द केला.

तुमचा हिशेब उलटा येऊ शकतो. क्षेत्रच बदलायचं असेल तर पूर्णवेळ दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातली उन्हाळी इंटर्नशिप फार मोलाची असते, कारण नव्या क्षेत्रात तुम्हाला आत घेणारं दार बहुधा तेच असतं. एक वर्षाच्या अभ्यासक्रमांत तिला जागा आहे का ते तपासा. इन्सिआद या फ्रान्समधल्या व्यवस्थापन संस्थेचा एमबीए दहा महिन्यांचा आहे. जानेवारीत सुरू होणाऱ्या तुकडीला मध्ये इंटर्नशिपसाठी वेळ मिळतो, उन्हाळ्याअखेरीच्या तुकडीला मिळत नाही. पदवी एकच, पण क्षेत्र बदलणाऱ्यासाठी या दोन तुकड्या म्हणजे दोन वेगळे निर्णय आहेत.

मान्यतेबद्दल थोडक्यात. व्यवस्थापन शिक्षणाचा दर्जा तपासून मिळणाऱ्या मान्यतांत एएसीएसबी, इक्विस आणि एएमबीए ही तीन नावं जगभर चालतात. पहिल्या दोन मान्यता संस्थेला मिळतात, तिसरी अभ्यासक्रमाला. 'एएसीएसबी सदस्य' आणि 'एएसीएसबी मान्यताप्राप्त' हे एक नाही. सदस्यत्व घेता येतं, मान्यता तपासणीतून मिळवावी लागते. माहितीपत्रकावरच्या बोधचिन्हावर न जाता त्या मान्यतासंस्थेच्याच यादीत नाव शोधा, पाच मिनिटांचं काम आहे.

जीमॅट ही व्यवस्थापन अभ्यासक्रमांची प्रवेशपरीक्षा द्यायची असेल तर एक गोम आहे. परीक्षेचं नवं रूप सव्वादोन तासांचं आहे आणि गुण २०५ ते ८०५ मध्ये येतात, आकडा नेहमी ५ नेच संपतो. जुनी मोजपट्टी २०० ते ८०० होती आणि आकडा शून्याने संपायचा. म्हणून एखाद्या संस्थेने 'तुकडीचा मध्यक ६८०' असं छापलं असेल तर तो जुन्या पट्टीवरचा आहे, त्याच्याशी आपले नवे गुण ताडून खचून जाऊ नका. जीमॅट आणि जीआरई (पदव्युत्तर प्रवेशाची दुसरी परीक्षा, तीही बऱ्याच ठिकाणी चालते) दोन्हींचे गुण पाच वर्षं चालतात, त्यामुळे परीक्षा आधी देऊन ठेवली तरी वाया जात नाही.

शेवटचा टप्पा माणसांशी बोलण्याचा, आणि इथे मुळीच कंटाळा करू नका. संस्था स्वतःहून ज्या माजी विद्यार्थ्यांशी जोडून देते, ते समाधानीच असतात. तुम्ही स्वतः लिंक्डइनवर शोधा: तीन ते पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेले आणि तुम्हाला हवं ते काम करत असलेले. मी नऊ जणांना लिहिलं, चौघांनी उत्तर दिलं. 'अभ्यासक्रम कसा होता' हे विचारू नका, 'छान होता' एवढंच हाती लागतं. मी विचारलं, 'सध्याची नोकरी कोणाच्या ओळखीतून किंवा कुठल्या मार्गाने मिळाली?' चौघांपैकी तिघांना ती संस्थेच्या नोकरी विभागाकडून नाही, तर संध्याकाळच्या वर्गातल्या सहाध्यायांकडून कळली होती. दुसरा प्रश्न: 'शिकलेल्यातलं गेल्या आठवड्यात काय वापरलं?' एकीने लगेच सांगितलं, तेरा आठवड्यांचा रोख प्रवाहाचा अंदाज, आणि तो बांधायला शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचं नावही. मी त्याच अभ्यासक्रमाला गेले. त्या बाई तेव्हाही शिकवत होत्या, हे मात्र आधी फोन करून विचारून घेतलं होतं.

प्रवेशपत्र आलं की अनामत भरायची घाई होते, आणि संस्थाही तारीख जवळची देतात. मुदतवाढ मागा. आठवडा-दोन आठवडे पुष्कळदा मिळतात, आणि शिष्यवृत्तीबद्दल पुन्हा विचारायची वेळ हीच असते, कारण आता त्यांना तुम्ही हव्या असता. त्याच आठवड्यात आपल्या साहेबांशीही बोला. आमच्या कंपनीत शुल्काचा काही भाग देण्याची तरतूद होती आणि सहा वर्षांत मला ती कोणी सांगितली नव्हती. मी विचारल्यावर शुल्काचा तिसरा हिस्सा मिळाला. बदल्यात दोन वर्षं नोकरी न सोडण्याचा करार होता. तो सही करण्याआधी मी एकच ओळ बदलून घेतली: कंपनीने मला कामावरून कमी केलं, तर पैसे परत करायचे नाहीत.