ठाणे–वाशी लोकलमध्ये एका अंगठ्याने खेळायचे जुने आरपीजी

ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने वाशीला जायला साधारण अर्धा तास लागतो. धावपळीच्या खेळाला हा प्रवास सोसत नाही. आरपीजी म्हणजे नायकाची भूमिका घेऊन खेळायचे कथाखेळ. त्यांतल्या टर्न-बेस्ड (पाळीपाळीने होणाऱ्या) लढाईत मात्र तुम्ही हुकूम देईपर्यंत राक्षससुद्धा थांबतो. रबाळ्याला गर्दी आत शिरली आणि फोन छातीशी धरावा लागला, तरी काही बिघडत नाही. अडचण वेगळीच आहे. हे खेळ टीव्हीसमोर बसून खेळण्यासाठी बनले आणि त्यांत वाटेल तिथे सेव्ह करता येत नसे. म्हणून फोनवर खेळताना सर्वांत जास्त काळजी सेव्हची घ्यायची.

आधी खेळ निवडा. उभ्याने प्रवास असेल तर एक हात वरच्या कडीला जाणार, म्हणून फोन उभा धरून खेळता येईल असाच खेळ घ्या. ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे पहिले आठ भाग (सातवा सोडून) या दृष्टीने फार सोयीचे आहेत. त्यांच्या मोबाइल आवृत्त्या उभ्या स्क्रीनसाठीच बांधल्या आहेत आणि चालणे, बोलणे, लढणे सगळे एका अंगठ्याने होते. बसायला जागा मिळत असेल तर ‘फायनल फँटसी’च्या पहिल्या सहा भागांचे पिक्सेल रीमास्टर (नव्याने घडवलेल्या आवृत्त्या) किंवा मूळ १९९५ चा ‘क्रोनो ट्रिगर’ आडव्या स्क्रीनवर खेळा. अगदी नवख्याने ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या पहिल्या भागापासून सुरुवात करावी. त्यात एकच नायक आणि एका वेळी एकच शत्रू असतो, त्यामुळे या प्रकाराची घडण लवकर कळते.

विकत घेतलेला खेळ घरच्या वायफायवर एकदा उघडून सुरुवातीचा प्रसंग संपेपर्यंत खेळून घ्या. काही खेळ पहिल्यांदा उघडल्यावर उरलेला डेटा उतरवतात. ते काम डब्यात करायला गेलात तर अर्धा प्रवास त्यातच जातो. नंतर फोन एअरप्लेन मोडवर टाकून खेळ उघडतो का ते पाहा. वाटेत नेटवर्क टिकेलच असे नाही.

तुमच्याकडे जुनी काडतुसे (जुन्या गेमयंत्रात घालायच्या, खेळ साठवलेल्या डब्या) असतील तर एम्युलेटरचा, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ॲपचा, मार्ग आहे. एपिलॉगचे ‘जीबी ऑपरेटर’ हे यंत्र निन्टेन्डोच्या गेमबॉय, गेमबॉय कलर आणि गेमबॉय ॲडव्हान्स या हातातल्या गेमयंत्रांच्या काडतुसातला खेळ व सेव्ह दोन्ही संगणकावर काढून देते. इंटरनेटवरून उचललेल्या रॉम फाइली (काडतुसातल्या खेळाच्या नकला) म्हणजे चोरीचा माल, त्या वाटेला जाऊ नका. काडतूस जुने असेल तर हे काम लांबणीवर टाकू नका. अनेक काडतुसांतला सेव्ह आतल्या नाण्याएवढ्या बॅटरीवर जगतो आणि ती संपली की सेव्हही जातो.

फोनवर रेट्रोआर्क हे एम्युलेटर ॲप टाका. त्यात प्रत्येक जुन्या यंत्रासाठी वेगळा ‘कोअर’ (नक्कल करणारा भाग) असतो. अँड्रॉइडवर ते आधीपासून होते, आयफोनवर २०२४ पासून मिळते. गेमबॉय ॲडव्हान्ससाठी ‘एमजीबीए’ कोअर आणि सुपर निन्टेन्डोसाठी ‘एसनेस९एक्स’ कोअर पुरेसे आहेत. पुढचा भाग नीट वाचा, कारण वीस-वीस तासांचा खेळ इथेच वाया जातो.

सेव्ह दोन तऱ्हेचे असतात. एक खेळाच्या आतला, म्हणजे खेळातल्या चर्चमध्ये किंवा सेव्ह पॉइंटवर (सेव्ह करायच्या ठरावीक जागी) केलेला. तो ‘एसआरएम’ फाइलमध्ये जातो. दुसरा सेव्ह स्टेट, म्हणजे त्या क्षणी यंत्राच्या स्मृतीत जे होते त्याची जशीच्या तशी नक्कल. सेटिंग्जमध्ये ‘सेव्हिंग’ उघडा आणि ‘सेव्हरॅम ऑटोसेव्ह इंटरव्हल’ १० सेकंदांवर आहे ना ते बघा. ते बंद असेल तर आतला सेव्ह खेळ व्यवस्थित बंद केल्यावरच फाइलमध्ये लिहिला जातो. तुम्ही घणसोलीला सेव्ह करून फोन खिशात टाकलात आणि मेमरी कमी पडली म्हणून अँड्रॉइडने मागे पडलेले ॲप मारले, तर तो सेव्ह कधी लिहिलाच गेलेला नसतो. शिवाय फोनच्या बॅटरी सेटिंगमध्ये या ॲपवरचे बंधन काढा.

उतरायच्या आधीचे स्टेशन आले की सेव्ह स्टेट घ्या, पण फक्त त्याच्यावर विसंबू नका. कोअर अपडेट झाला की जुना स्टेट न उघडण्याची शक्यता असते. जुना स्टेट उघडल्यावर त्याच्या आतली जुनी ‘एसआरएम’ नव्या सेव्हवर चढते, हाही धोका आहे. लोक याला ‘गेमने सेव्ह खाल्ला’ म्हणतात. तेव्हा दिवसातून एकदा तरी आतला सेव्ह करा आणि तीन स्लॉट आळीपाळीने वापरा. आयटम संपलेले, जीव दोन-चार पॉइंट आणि समोर बॉस, अशा जागी एकुलता एक सेव्ह अडकला तर मागे यायला वाट हवी. सेव्हचे फोल्डर स्वतः निवडलेल्या जागी ठेवा आणि दर रविवारी त्याची नक्कल ड्राइव्हवर टाका. ॲपच्या स्वतःच्या फोल्डरमध्ये राहिलेले सेव्ह ॲप काढले की जातात.

चित्र स्वच्छ हवे तर ‘इंटिजर स्केल’ (चित्र फक्त पूर्ण पटीत मोठे करणारी सोय) चालू करा. गेमबॉय ॲडव्हान्सचे चित्र २४० बाय १६० पिक्सेलचे असते. १०८० पिक्सेल रुंदीच्या फोनवर उभ्याने ते बरोबर चौपट, म्हणजे ९६० रुंद बसते आणि खाली बटणांना भरपूर जागा उरते. अपूर्णांकात ताणले की काही पिक्सेल जाड, काही बारीक होतात आणि चालताना जमीन थरथरते. बटणांची अपारदर्शकता ०.३ पर्यंत उतरवा, ओएलईडी स्क्रीनवर त्यांचे डाग पडण्याची भीती कमी होते.

डावीकडचे दिशेचे बटण स्क्रीनच्या कडेला असते, आणि अँड्रॉइडची ‘मागे’ जाण्याची खूणही तिथेच. डावीकडे चालता चालता मेनू उघडत असेल तर हेच कारण. खूण बंद करून तीन बटणांचे नेव्हिगेशन लावा. पावसाळ्यात दाराशी उभे राहून खेळू नका. काचेवरचा थेंब स्क्रीनला बोटासारखाच वाटतो आणि नायक भलत्याच दिशेला जातो. ब्लूटूथचा आवाज थोडा मागून येतो, पण या प्रकारात त्याने काही अडत नाही.

जुन्या खेळात ‘पुढे कुठे जायचे’ हे दाखवणारी यादी नसते. खेळ ठेवताना शेवटच्या गावकऱ्याचे वाक्य स्क्रीनशॉटमध्ये घ्या. चार दिवसांनी परत उघडल्यावर तेवढाच धागा हाताशी असतो.

‘फायनल फँटसी’च्या चौथ्या भागापासून (१९९१) लढाईत वेळ चालू राहतो. कॉन्फिगमध्ये बॅटल मोड ‘वेट’ करा. पण एक लक्षात असू द्या, ‘वेट’मध्येही वेळ थांबतो तो फक्त जादू किंवा आयटमची यादी उघडी असताना. तिकीट तपासनीस आला की नुसता फोन खाली करू नका, आधी जादूची यादी उघडा. सहाव्या भागातल्या (१९९४) ऑपेराला आणि तरंगत्या खंडाच्या शेवटाला घड्याळ लागते. खंडावर तर शॅडो या साथीदारासाठी शेवटच्या पाच सेकंदांपर्यंत थांबावे लागते, आधी उडी मारलीत तर तो कायमचा हातचा जातो. हे दोन्ही प्रसंग तुर्भ्यानंतर सुरू करू नका, घरी निवांत बसून खेळा.