पासवर्ड पुतण्याकडे, बोलणी तुम्हाला: धंदा सोशल मीडियावर नेताना या चुका टाळा

ठाण्यात आणि नवी मुंबईत छोट्या दुकानांची, पोळीभाजी केंद्रांची, क्लासेसची सोशल मीडियाची कामं मी करते. नवीन दुकानदार भेटला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: "पेजचा पासवर्ड कुणाकडे आहे?" मग थोडा वेळ कुणी बोलत नाही. त्यानंतर "पुतण्याकडे असेल बहुतेक" येतं. पुतण्या पुण्यात, नाहीतर बंगळुरात. पासवर्ड त्यालाही आठवत नाही.

नौपाड्यातल्या एका काकूंची गोष्ट सांगते. त्यांचं मसाल्याचं आणि भाजणीचं दुकान. दुकानाची पाटी करून देणाऱ्या माणसाने "गुगलवर पण टाकून देतो, फुकट" म्हणून दुकानाची नोंद स्वतःच्या जीमेलवरून करून दिली. काकू खूश. दोन वर्षांनी भाडं वाढलं म्हणून दुकान पाचपाखाडीत हलवलं. सामान हललं, पाटी हलली, नकाशावरचा ठिपका मात्र नौपाड्यातच. घोडबंदर रोडवरून माणसं त्या ट्रॅफिकमधून भाजणी घ्यायला यायची आणि जुन्या जागी मोबाइलची कव्हरं बघून परत जायची. जाताना एक स्टार देऊन जायची, "दुकान अस्तित्वातच नाही" असं लिहून. काकूंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, जागा लाभली नाही. एका भावजींनी तर वास्तू बघणारा माणूसही आणला होता.

पाटीवाल्याचा नंबर बंद. मग मी गुगलकडे त्या नोंदीची मालकी मागितली. अशी मागणी केली की आधीच्या मालकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्याने दिलं नाही. पुढे व्हिडिओ काढून सिद्ध करायचं, की दुकान खरंच तुमचं आहे: रस्ता दाखवा, पाटी दाखवा, शटर स्वतः उघडून आत जा. सगळं एका दमात, मध्ये न थांबता. आमचा पहिला व्हिडिओ नाकारला गेला. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण माझा संशय काकूंनी टांगलेल्या आकाशकंदिलावर आहे. पाटीवरचं अर्धं नाव त्याने झाकलं होतं. कंदील उतरवून पुन्हा केला, तेव्हा काम झालं. या सगळ्यात ऐन दिवाळीचा भाजणीचा हंगाम निघून गेला.

म्हणून माझी सवय अशी: धंद्यासाठी वेगळा जीमेल. त्याला मोबाइल नंबर जोडायचा तो मालकाचा, मदतनिसाचा नाही आणि माझाही नाही. फोन हाताशी नसेल तेव्हा आत शिरायला गुगल देतं ते बॅकअप कोड छापून गुमास्ता लायसन्सच्या फायलीत. फेसबुक पेजवर पूर्ण अधिकार असलेली दोन माणसं, दोन्ही घरची. व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन, आणि तो पिन गल्ल्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर नको. हसू नका, वाशीत पाहिलंय मी.

आता दुसरी चूक. ही मी स्वतः केली आहे, त्यामुळे जरा हळू आवाजात.

2019 ची दिवाळी. वाशीतल्या एका फराळवाल्या ताईंच्या वहीत तीन-एकशे गिऱ्हाइकांचे नंबर होते. मी म्हटलं, ग्रुप करू. तेव्हा ग्रुपमध्ये 256 जणच मावायचे, तेवढे भरले. कुणाला विचारलं नाही. रात्री दहाला चकली-करंजीचे भाव टाकले आणि झोपले. सकाळी पाहते तर रणधुमाळी. एकीने लिहिलं होतं, "मागच्या वर्षी चकली मऊ पडली होती." खाली आणखी चौघींनी "आमचीपण." एका आजोबांचं सुप्रभात, गुलाबाच्या फुलासकट. साठेक जण निघून गेलेले. त्यात नेरूळची एक फराळवाली बाईही होती, ती एकदा नमुना बघायला आमच्याकडून घेऊन गेली होती, म्हणून तिचा नंबर वहीत. ग्रुपमध्ये सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. दुपारपर्यंत तिचे भाव ताईंच्या निम्म्या गिऱ्हाइकांकडे पोचले होते.

"फक्त अ‍ॅडमिन लिहू शकेल" हे सेटिंग तेव्हाही होतं. ते लावलं असतं तर चकलीची चर्चा टळली असती, नंबर दिसायचे ते दिसलेच असते. आणि खरं सांगू का, ती चर्चा टळायला नकोच होती. चकली मऊ पडली होती हे ताईंना एरवी कुणी तोंडावर सांगितलं नसतं. त्यांनी ग्रुपवर उत्तर दिलं: "हो, मोहन कमी-जास्त झालं होतं. या वर्षी पाव किलो आधी घेऊन बघा, मग ऑर्डर द्या." त्या पाचांपैकी तिघींनी घेतली. मी मात्र तोवर ग्रुप बंद करायच्या घाईत होते.

हल्ली मी व्हॉट्सॲपचं ब्रॉडकास्ट वापरते, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकाला वेगवेगळा जातो. एका यादीत 256 जण, कुणाचा नंबर कुणाला दिसत नाही. यातही नवशिके फसतात: मेसेज पोचतच नाही म्हणून रडतात. ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय, त्यालाच ब्रॉडकास्ट पोचतो. म्हणून डब्याच्या लेबलवर "नंबर सेव्ह करा, ताजा माल कधी निघतो ते कळवू" एवढं छापून घ्या. यादी सावकाश वाढते. ज्यांना सावकाश चालत नाही ते एकगठ्ठा मेसेज पाठवणारं कसलंतरी सॉफ्टवेअर विकत घेतात आणि नंबरच बंद करून घेतात. त्या नंबरावर दहा वर्षांची गिऱ्हाइकं असतात.

बाकीच्या चुका भराभर.

फॉलोअर विकत घेऊ नका. दहा हजार फॉलोअर आणि पोस्टला चार लाइक, त्यातला एक तुमच्या बायकोचा, हे सगळ्यांना दिसतं.

"रिव्ह्यू द्या, दहा टक्के सूट घ्या" हे गुगलच्या नियमात बसत नाही. आपल्याकडेही 2022 मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक आलंय, आयएस 19000. चांगला रिव्ह्यू हवा तर बिल देताना तोंडाने मागा. लाज वाटते? मग राहू द्या.

वाईट रिव्ह्यूला रात्री उत्तर द्यायचं नाही. मी आधी फोनच्या नोट्समध्ये लिहिते, सकाळी चहा झाल्यावर वाचते, निम्मं खोडते, मग टाकते.

सगळी अंडी एका टोपलीत नकोत. 29 जून 2020 ला टिकटॉक बंद झालं तेव्हा ठाण्यातल्या एका मेंदीवालीची दोन वर्षांची मेहनत एका रात्रीत गेली. व्हिडिओ फोनमध्येही ठेवले नव्हते. मूळ फाइल आपल्याकडे ठेवा आणि गिऱ्हाइकांचे नंबर वहीत.

कारखानदारांसाठी वेगळं. वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपच्या मालकांनी कामगारांच्या सूचनांसाठी ग्रुप काढला. पहिल्याच दिवशी एका ऑपरेटरने लिहिलं की लेथचं कूलंट गळतंय. साहेबांनी खाली लिहिलं, "हे आधी का नाही सांगितलं?" त्यानंतर दोन वर्षं त्या ग्रुपवर फक्त वाढदिवसाचे केक आहेत. मला बोलावलं ते "अ‍ॅप बदलायचं का" हे विचारायला. मी म्हटलं, साहेब, अ‍ॅप ठीक आहे. महिनाभर तुम्ही काही लिहू नका, कुणी काही सांगितलं की दुरुस्त करा आणि दुरुस्तीचा फोटो टाका. ते पंधरा दिवस टिकले. तेवढ्यात तीन सूचना आल्या.

"आठ दिवसांत रिझल्ट हवा" म्हणणाऱ्यांची कामं मी घेत नाही. त्यांना रोज तीन रील टाकून देणारी मुलं मिळतात. नवव्या दिवशी फोन मलाच येतो.

आणि सुट्ट्या. गणपतीत दुकान बंद ठेवता, गुगलवर मात्र "उघडं आहे" दिसतं, माणूस उन्हातून येऊन कुलूप बघतो. सुट्टीची तारीख टाकणं दोन मिनिटांचं काम आहे. काकू हल्ली स्वतःच टाकतात. गेल्या गणपतीत पाच दिवसांऐवजी "कायमचे बंद" दाबून मोकळ्या झाल्या होत्या. आरती चालू असताना मी फोन करून ते उघडायला लावलं.